आर्मेनियन आणि जॉर्डेनियन डायस्पोरा : आर्थिक सुस्थितीची तुलना करायची कशी?

पिंपळपान (धागाकर्ता)

आर्मेनियन आणि जॉर्डेनियन डायस्पोरावरच्या, म्हणजे मायदेशाबाहेर पसरलेल्या समाजांवरच्या, बहुतेक लेखांत एकच तक्ता असतो. परदेशस्थ किती, वर्षाला मायदेशी किती डॉलर येतात, भागाकार करा आणि माणशी आकडा काढा. आर्मेनिया आणि जॉर्डनच्या बाबतीत हा भागाकार चुकतो. तो का चुकतो आणि त्याऐवजी काय मोजायचं, यासाठी हा धागा काढतोय.

आर्मेनियाची लोकसंख्या ३० लाखांच्या आसपास. देशाबाहेरचे आर्मेनियन ७० लाखांच्या पुढेमागे असल्याचं सांगतात. पण त्यांतल्या फार मोठ्या हिश्शाचे पूर्वज आजच्या आर्मेनियात कधी राहिलेच नव्हते. १९१५ च्या नरसंहारातून वाचलेले ऑटोमन आर्मेनियन अनातोलियातून अलेप्पो, बैरूत, कैरो, मार्सेय, फ्रेस्नो इथे पोहोचले. त्यांच्या नातवंडांचं येरेवानमध्ये घर नाही, पैसे पाठवायला सख्खं कुणी नाही. दुसरीकडे सोव्हिएत संघ कोसळल्यावर रशियाला गेलेले आर्मेनियन आहेत. त्यांची बायकामुलं अजून गावी आहेत. एकाच 'डायस्पोरा' शब्दाखाली हे दोन्ही गट येतात.

जॉर्डनचं तसं नाही. तिथले परदेशस्थ प्रामुख्याने पहिल्या पिढीचे, कामासाठी गेलेले, बहुतांश आखातात, आणि घर अम्मान, इर्बिद किंवा झर्कात. जॉर्डनच्या मध्यवर्ती बँकेच्या हिशेबात परदेशस्थांकडून येणारी रक्कम अलीकडे वर्षाला साडेतीन अब्ज डॉलरच्या आसपास असते. ती जवळजवळ सगळी 'घरखर्च' या सदरात मोडणारी.

म्हणून माझ्या मते भागाकाराआधी चार प्रश्न विचारावेत. पगार कुठल्या चलनात मिळतो? राहण्याचा कागद कुठला आहे? बचत कुठे ठेवली आहे? काम थांबल्यावर पेन्शन कोण देणार? ज्यांना एखाद्या देशाची नीट माहिती आहे त्यांनी कृपया आकड्यांसकट लिहावं.

शारजाकर

चलनाचा मुद्दा पहिला घेतो, कारण आखातातल्या जॉर्डेनियन माणसाची सगळ्यात मोठी सोय तीच आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

जॉर्डेनियन दिनार १९९५ पासून डॉलरला बांधलेला आहे. १ डॉलर = ०.७०९ दिनार. सौदी रियालही डॉलरला बांधलेला, ३.७५ ला. युएई दिरहम ३.६७२५ ला. दोन्ही टोकं एकाच खुंटीला असल्यामुळे रियाधमध्ये १०,००० रियाल कमावणाऱ्याला घरच्यांना किती दिनार मिळतील हे दहा वर्षं आधीही सांगता येतं : १०,००० ÷ ३.७५ × ०.७०९ = साधारण १,८९१ दिनार. इर्बिदमध्ये गृहकर्जाचा हप्ता ठरवताना ही खात्री फार मोलाची असते.

आता दुसरी बाजू. कागद. आखातात कितीही वर्षं राहिलात तरी निवासाचा परवाना सर्वसाधारणपणे नोकरीला चिकटलेला असतो. नोकरी गेली की ठरलेल्या मुदतीत दुसरी शोधायची किंवा कुटुंबासह निघायचं. आणि त्या कागदाची किंमत वाढवता येते. सौदीने १ जुलै २०१७ पासून परदेशी कामगाराच्या प्रत्येक अवलंबितावर महिना १०० रियाल शुल्क लावलं आणि दरवर्षी १०० ने वाढवत २०२० मध्ये ते ४०० वर नेलं. बायको आणि तीन मुलं असतील तर ४ × ४०० = १,६०० रियाल महिना, वर्षाला १९,२०० रियाल. दिनारात साधारण ३,६३०. आणि हे इकामा (सौदीतला निवास परवाना) नूतनीकरणाच्या वेळी आगाऊ भरायचं. १०,००० पगारातले १६ टक्के इथेच गेले.

याचा आकडेवारीवर होणारा परिणाम लक्षात घ्या. शुल्क परवडेना म्हणून कुटुंब अम्मानला परत पाठवलं की घरी जाणारी रक्कम वाढते, कारण आता दोन चुली. तक्त्यात ते 'समृद्धी वाढली' असं दिसतं. प्रत्यक्षात घर मोडलेलं असतं.

मध्यक

शारजाकर, शेवटचा परिच्छेद फार महत्त्वाचा. घरी पाठवलेले पैसे हे गरज आणि क्षमता या दोन्हींचं मिश्रण असतं. त्यावरून पाठवणाऱ्याची सुस्थिती काढणं म्हणजे दवाखान्याच्या बिलावरून तब्येत ठरवण्यासारखं.

दोन्ही समाज एकाच मोजपट्टीवर शेजारी ठेवायचे असतील तर व्यवहारात एकच मोठा स्रोत उरतो : अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे, म्हणजे तिथल्या जनगणना खात्याचं दरवर्षीचं नमुना सर्वेक्षण. रशियन जनगणना वांशिक मूळ विचारते पण त्याला उत्पन्न जोडत नाही. फ्रान्समध्ये वांशिक मूळ विचारलंच जात नाही, जन्मदेश आणि राष्ट्रीयत्व असे तपशील विचारतात. त्यामुळे मार्सेयमधला तिसऱ्या पिढीचा आर्मेनियन आकड्यांतून नाहीसा होतो. आखाती देश राष्ट्रीयत्वानुसार उत्पन्न छापत नाहीत.

अमेरिकन सर्व्हेत वंशमूळ हा लिहून भरायचा प्रश्न आहे आणि पहिली दोन उत्तरं नोंदवली जातात. सार्वजनिक नमुना फाइलमध्ये ती एएनसी१पी आणि एएनसी२पी या रकान्यांत येतात. आर्मेनियन ४३१, जॉर्डेनियन ४२१, पॅलेस्टिनी ४६५. ज्या वर्षाची फाइल घ्याल त्याच वर्षाच्या कोडपुस्तकात ताडून बघा. मग पुढे असं :

पाच वर्षांची फाइल घ्या, एका वर्षाची नको. एका वर्षाच्या फाइलमध्ये साधारण १ टक्का लोक असतात. आर्मेनियन पावणेपाच-पाच लाख धरले तर पावणेपाच-पाच हजार माणसं नमुन्यात येतात आणि काम भागतं. जॉर्डेनियन गट त्यापेक्षा कितीतरी लहान आहे. २००० च्या जनगणनेत जॉर्डेनियन मूळ ३९,७३४ जणांनी लिहिलं होतं, आर्मेनियन ३,८५,४८८ जणांनी. म्हणजे जवळजवळ एकास दहा. इतक्या लहान गटातली कुटुंबं वेगळी काढली की एका वर्षात काहीशेच उरतात. त्यातून २०२० चं एक वर्षाचं काम प्रतिसाद घसरल्यामुळे प्रायोगिक म्हणूनच दिलं होतं, ते तर टाळाच.

कुटुंब मोजताना कुटुंबप्रमुखाचं मूळ धरायचं. २०१९ पासूनच्या फाइलमध्ये त्यासाठी आरईएलएसएचआयपीपी = २०. त्याआधी रकान्याचं नाव आरईएलपी आणि किंमत ०. जुन्या-नव्या फाइली जोडताना इथे हमखास घोळ होतो.

घरगुती उत्पन्न एचआयएनसीपी. त्याला एडीजेआयएनसी ने गुणून दहा लाखांनी भागायचं. हे विसरलात तर पाच वर्षांच्या फाइलमध्ये पहिल्या वर्षाचे डॉलर आणि शेवटच्या वर्षाचे डॉलर एकत्र मिसळतात. भार (नमुन्यातली एक नोंद किती जणांच्या जागी धरायची तो आकडा) कुटुंबाचा वापरायचा (डब्ल्यूजीटीपी), माणसाचा नाही. आणि सरासरी नको, मध्यक (चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधला आकडा) घ्या. आर्मेनियनांमध्ये वरच्या टोकाला मोजके अतिश्रीमंत आहेत, ते सरासरीला ओढून नेतात.

चूक किती असू शकते तेही सांगायलाच हवं. फाइलमध्ये ८० पर्यायी भार दिलेले असतात. प्रत्येकाने मध्यक परत काढा, मूळ मध्यकापासूनचे फरक वर्ग करून बेरीज करा, ४/८० ने गुणा, वर्गमूळ काढा. ही प्रमाण त्रुटी. गणितापुरते आकडे घेऊ : आर्मेनियन त्रुटी १,२०० डॉलर आणि जॉर्डेनियन ४,५०० आली, तर फरकाची त्रुटी √(१,२००² + ४,५००²) = ४,६५७. तिला १.६४५ ने गुणलं की ७,६६१. म्हणजे दोन मध्यकांत साडेसात हजारांचा फरक दिसला तरी ९० टक्के विश्वासपातळीवर 'हे त्यांच्यापेक्षा श्रीमंत' असं म्हणता येणार नाही. अनेक संकेतस्थळांवरच्या उतरंडीच्या याद्या नेमक्या इथे फसव्या ठरतात.

चौकटराजा

उत्तम प्रतिसाद, मध्यक. एक शंका. मूळ लिहून भरायचं असेल तर अर्धे लोक रिकामं सोडतील किंवा 'अरब' लिहितील. त्याऐवजी जन्मदेशाचा रकाना घेतला तर?

मध्यक

जन्मदेश (पीओबीपी) घेतलात तर दोन्ही समाज मोडतात, आणि वेगवेगळ्या दिशेने मोडतात.

लॉस एंजेलिस परिसरातले आर्मेनियन घ्या. कुणी इराणमध्ये जन्मलेलं, कुणी लेबनॉनमध्ये, कुणी सोव्हिएत आर्मेनियात, कुणी तिथेच कॅलिफोर्नियात. फक्त 'आर्मेनियात जन्म' ही चाळणी लावली की उरतो मुख्यतः सोव्हिएत आणि सोव्हिएतोत्तर गट. इराण-लेबनॉनकडचे व्यापारी, कारागीर, डॉक्टर बाहेर पडतात. चित्र आहे त्याहून गरीब दिसतं.

जॉर्डनच्या बाबतीत 'जॉर्डनमध्ये जन्म' यात जॉर्डन नदीच्या पूर्वेकडचे मूळ रहिवासी येतात, त्याचबरोबर १९४८ आणि १९६७ नंतर आलेल्या पॅलेस्टिनी कुटुंबांची मुलंही येतात. १९५४ च्या राष्ट्रीयत्व कायद्याने नदीच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या (वेस्ट बँक) लोकांना जॉर्डेनियन नागरिकत्व मिळालं होतं. जुलै १९८८ मध्ये राजे हुसेन यांनी पश्चिम किनाऱ्याशी प्रशासकीय संबंध तोडल्यावर तिथल्यांचं ते नागरिकत्व गेलं. अमेरिकेत हीच माणसं मूळ म्हणून कधी 'पॅलेस्टिनी' लिहितात, कधी 'जॉर्डेनियन', कधी दोन्ही. २००० मध्ये पॅलेस्टिनी मूळ ७२,११२ जणांनी लिहिलं होतं, जॉर्डेनियनच्या जवळपास दुप्पट.

आणि दोन्ही चाळण्या एकमेकींत अडकतात ती जागाही सांगतो : अम्मानच्या अशरफिया टेकडीवर आर्मेनियन वस्ती आहे, १९१५ नंतर आलेल्यांची. तिथे जन्मून अमेरिकेत गेलेला माणूस जन्माने जॉर्डन, मुळाने आर्मेनियन. तुम्ही त्याला कुठे टाकता ते आधी लिहून ठेवा.

माझी पद्धत : मूळ हाच मुख्य रकाना, जन्मदेश आणि आगमनवर्ष (वायओईपी) हे उपगट पाडण्यासाठी.

उत्तररंग

रशियाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आर्मेनियन डायस्पोराचा सर्वांत मोठा तुकडा तिथे आहे. २०१० च्या जनगणनेत ११,८२,३८८ आणि २०२१ मध्ये ९,४६,१७२. हंगामी कामगार यात बऱ्याच अंशी सुटतात.

रशियातला आर्मेनियन हाही एकजिनसी गट नाही. डॉन नदीकाठचं नाखिचेवान १७७९ मध्ये क्राइमियाहून आणलेल्या आर्मेनियनांनी वसवलं, आज तो रोस्तोव शहराचाच भाग आहे. त्यानंतर सोव्हिएत काळात शिकून मॉस्कोत स्थिरावलेले. मग ७ डिसेंबर १९८८ च्या स्पिताक भूकंपानंतर आणि जानेवारी १९९० च्या अझरबैजानमधल्या बाकूतल्या आर्मेनियनविरोधी हिंसेनंतर निघालेले. आणि शेवटी 'खोपान'ला जाणारे. खोपान म्हणजे पडीक जमीन. सोव्हिएत काळात पडीक जमिनी लागवडीखाली आणायला माणसं दूर जायची, त्यावरून हंगामी मजुरीला हाच शब्द पडला. ग्युमरी आणि आसपासच्या शिराक प्रांतातले पुरुष वसंतात बांधकामावर जातात आणि थंडी पडली की परततात.

शारजाकरांनी दिनाराचं गणित मांडलं तसंच इथे मांडते, म्हणजे फरक डोळ्यांसमोर येईल. महिना ५०,००० रूबल कमावणारा गवंडी घ्या. २०१३ मध्ये डॉलरला सरासरी ३२ रूबल आणि ४१० द्राम (आर्मेनियाचं चलन) : १,५६२ डॉलर, म्हणजे साधारण ६,४०,००० द्राम. २०१५ मध्ये डॉलरला ६१ रूबल आणि ४७८ द्राम : ८२० डॉलर, म्हणजे ३,९२,००० द्राम. माणूस तोच, पगारही तोच, पण घरी पोहोचणारी रक्कम ३९ टक्क्यांनी कमी. तेल घसरलं, निर्बंध आले, रूबल पडला आणि त्याचा फटका ग्युमरीच्या वाणसामानाच्या दुकानापर्यंत पोहोचला.

कागदाच्या बाबतीत मात्र हाच गवंडी आखातातल्या अभियंत्यापेक्षा सुरक्षित आहे, आणि हे लोकांना पटत नाही. २ जानेवारी २०१५ पासून आर्मेनिया युरेशियन आर्थिक संघात आहे. उझबेक किंवा ताजिक मजुराला महिन्याच्या महिन्याला पैसे भरून कामाचा परवाना चालू ठेवावा लागतो, आर्मेनियनाला नाही. १ जानेवारी २०२१ पासून संघाचा पेन्शन करारही लागू आहे, त्यामुळे रशियात अधिकृत नोंद होऊन केलेल्या कामाचे पेन्शनहक्क रशियाकडे जमा राहतात. अडचण 'अधिकृत नोंद' या दोन शब्दांत आहे. रोख मजुरीवर काम करणाऱ्याच्या नावावर काहीच जमा होत नाही, आणि बांधकामात रोख मजुरी सर्रास चालते.

पिंपळपान (धागाकर्ता)

उत्तररंग, मनापासून आभार. २०२२ मध्ये रशियाहून आर्मेनियात येणारे पैसे एकदम चौपट झाले होते. त्याचं काय करायचं? त्या वर्षीच्या तक्त्याने अनेकांनी 'रशियातले आर्मेनियन सुखात' असा निष्कर्ष काढला.

उत्तररंग

तो निष्कर्ष साफ चुकीचा. २०२१ मध्ये सुमारे ८७ कोटी डॉलर आले होते, २०२२ मध्ये साडेतीन अब्जांच्या वर. युद्ध सुरू झाल्यावर रशियन नागरिक आणि कंपन्या येरेवानला आल्या आणि आपले पैसे आपल्याच नव्या खात्यांत पाठवू लागल्या. बँकेच्या नोंदीत तेही 'व्यक्तींनी रशियाहून पाठवलेली रक्कम'च. त्या वर्षी आर्मेनियाची अर्थव्यवस्था १२.६ टक्क्यांनी वाढली ती मजुरांच्या पैशामुळे नाही.

आर्मेनियाच्या मध्यवर्ती बँकेचा तक्ता वापरताना म्हणून आत आलेली रक्कम एकटी घेऊ नका. बाहेर गेलेली शेजारी ठेवा आणि निव्वळ काढा.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. एवढा पैसा आल्याने द्राम वधारला. २०२१ मध्ये डॉलरला सुमारे ५०० द्राम मिळायचे, २०२२ संपताना ३९५ च्या आसपास. लॉस एंजेलिसजवळच्या ग्लेंडेलहून मुलगी महिना ५०० डॉलर पाठवत असेल तर आईच्या हातात आधी २,५०,००० द्राम पडायचे, आता १,९७,५००. त्यात येरेवानची घरभाडी भडकली. म्हणजे अमेरिकेतल्या डायस्पोराच्या मदतीची किंमत रशियाच्या युद्धाने २१ टक्क्यांनी कमी केली. जॉर्डनमधल्या आईला असा धक्का बसत नाही.

जाई_न

बचत कुठे ठेवली, हा धागाकर्त्यांचा तिसरा प्रश्न. त्याचं उत्तर लेबनॉनमध्ये आहे, आणि ते वाचून वाईट वाटतं.

बैरूतला लागून असलेलं बूर्ज हम्मूद हे निर्वासित आर्मेनियनांनी उभं केलेलं गाव. सोनारकाम, चामडं, चपला-बूट, शिवणकाम. दोन-तीन पिढ्यांनी बचत केली आणि ती तिथल्या बँकांत ठेवली, कारण १९९७ पासून डॉलरला १,५०७.५ पौंड हा दर हलला नव्हता आणि व्याज चांगलं मिळत होतं. २०१९ च्या शरद ऋतूत बँकांनी दारं लावली. १५ कोटी पौंडांची पुंजी जुन्या दराने ९९,५०० डॉलर होती. नंतरच्या ८९,५०० च्या दराने ती १,६७६ डॉलर भरते. डॉलरचं खातं असलेलेही वाचले नाहीत. पैसे काढायचे तर पौंडांत, आणि बराच काळ ३,९०० च्या दराने. तेव्हा बाजारात डॉलर १५,००० च्या पुढे गेला होता. अशा अडकलेल्या डॉलरला तिथे 'लोलार' असं नावच पडलं. त्यात ४ ऑगस्ट २०२० चा बंदरातला स्फोट, आणि बूर्ज हम्मूद बंदराच्या अगदी जवळ.

शारजाकरांनी सांगितलेली 'बांधलेल्या चलनाची सोय' इथे उलटलेली दिसते. बांधलेलं चलन तोपर्यंतच खात्रीचं, जोपर्यंत मध्यवर्ती बँकेकडे ते टिकवण्याइतके डॉलर आहेत.

जॉर्डेनियनांनी हाच धडा १९९० मध्ये घेतला. इराकने कुवेत घेतल्यावर कुवेत आणि आखातातून ३ लाखांच्या आसपास लोक जॉर्डनला परतले, बरेचसे पॅलेस्टिनी मूळचे. नोकरी, घर, कुवेती बँकेतले पैसे सगळं मागे राहिलं. संयुक्त राष्ट्रांच्या नुकसानभरपाई आयोगाने देश सोडावा लागल्याबद्दल ठरावीक रक्कम दिली : एकट्याला २,५०० डॉलर, कुटुंबाला ५,०००. बाकी कुठल्या गटात दावा करणार नाही असं लिहून दिलं तर ४,००० आणि ८,०००. वीस वर्षांच्या संसाराचा हिशेब यात बसत नाही. तरीही ज्यांनी पैसे आधीच जॉर्डनला पाठवून ठेवले होते त्यांच्या बचतीवर अम्मानमध्ये पुढची दोन-तीन वर्षं बांधकामाची लाट आली. आखातातला जॉर्डेनियन पहिली संधी मिळताच अम्मानमध्ये फ्लॅट का घेतो ते इथे कळतं.

शारजाकर

जाई_न, लेबनॉनबद्दल मान्य. बांधलेलं चलन म्हणजे कायमची हमी नव्हे, ही दुरुस्ती माझ्या प्रतिसादाला जोडून वाचावी.

पेन्शनचा चौथा प्रश्न घेतो. आखाती देशांच्या पेन्शन योजना त्यांच्या नागरिकांसाठी आहेत. परदेशी माणसाला मिळते ती सेवा संपल्यावरची एकरकमी ग्रॅच्युइटी. युएईत पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचं मूळ वेतन, त्यापुढे ३० दिवसांचं, आणि एकूण दोन वर्षांच्या वेतनाची मर्यादा. इथे घोटाळा होतो तो 'मूळ' या शब्दाचा. एकूण पगार १४,००० दिरहम पण मूळ ८,००० असेल तर १२ वर्षांचा हिशेब असा : (५ × २१) + (७ × ३०) = ३१५ दिवस, ३१५ × (८,००० ÷ ३०) = ८४,००० दिरहम, म्हणजे १६,२०० दिनार. सगळं म्हातारपण यावर काढायचं आहे, आणि पश्चिम अम्मानमध्ये यात फ्लॅट येत नाही.

सौदीत पहिल्या पाच वर्षांना अर्धा महिना, पुढे वर्षाला एक महिना. स्वतः राजीनामा दिला तर दोन वर्षांच्या आत काही नाही, दोन ते पाचला एक तृतीयांश, पाच ते दहाला दोन तृतीयांश, दहानंतर पूर्ण. नऊ वर्षं अकरा महिन्यांना राजीनामा देणारा किती गमावतो ते बघा.

यावर उपाय म्हणून जॉर्डनच्या सामाजिक सुरक्षा महामंडळाने परदेशस्थांना ऐच्छिक वर्गणीची सोय ठेवली आहे. नोकरदार आणि मालक दोघांचा वाटा स्वतःच भरावा लागतो म्हणून ती महाग वाटते. पण ज्याच्याकडे दुसरी पेन्शन नाही त्याच्यासाठी ही सर्वांत महत्त्वाची ओळ आहे. सुस्थितीची तुलना करताना 'वर्गणी चालू आहे का' हा प्रश्न पगाराइतकाच वर यायला हवा.

कानोबा

कागदाचा मुद्दा आर्मेनियनांच्या इतिहासातही आहे आणि तो फार बोलका आहे. कॅलिफोर्नियाच्या १९१३ च्या कायद्याने 'नागरिकत्वास अपात्र' परदेशीयांना शेतजमीन विकत घेण्यास बंदी होती. अपात्र कोण? जे गोरे किंवा आफ्रिकी वंशाचे नाहीत ते. आर्मेनियन गोरे की आशियाई, यावर खटले चालले. १९०९ मध्ये हलाजियन खटला आणि १९२५ मध्ये ओरेगनमधला कार्तोझियन खटला. दोन्ही निकाल आर्मेनियनांच्या बाजूने लागले. म्हणून फ्रेस्नोच्या द्राक्षमळ्यांची मालकी त्यांच्याकडे राहू शकली, जपानी शेतकऱ्यांना मात्र तीच जमीन नाकारली गेली. शहरातल्या काही वस्त्यांत आर्मेनियनांना घर विकू नये अशा अटी खरेदीखतांत होत्याच, तरी जमीन हातात होती. आज तिथल्या जुन्या कुटुंबांची सुस्थिती दिसते त्यामागे या निकालांचा मोठा वाटा आहे. 'मेहनती समाज' हे स्पष्टीकरण मला कधीच पुरेसं वाटलं नाही. आखातातला जॉर्डेनियन अभियंता काही कमी मेहनती नाही.

दुसरं, सामुदायिक संपत्ती. ही कुठल्याच घरगुती उत्पन्नाच्या रकान्यात येत नाही. आर्मेनियन जनरल बेनेव्हलंट युनियन १९०६ मध्ये कैरोत स्थापन झाली. आर्मेनियासाठी जगभरातून पैसे गोळा करणारा हायस्तान निधी १९९२ चा. दर थँक्सगिव्हिंगला लॉस एंजेलिसहून दूरदर्शनवर निधी गोळा होतो. आर्मेनियन वंशाचे अमेरिकन उद्योगपती किर्क केर्कोरियन यांच्या लिन्सी फाउंडेशनने आर्मेनियातल्या रस्त्यांना पैसे दिले. लिस्बनचं गुल्बेंकियन प्रतिष्ठान १९५६ पासून आहे. आपल्याकडेही त्याच वृत्तीच्या खुणा आहेत : मुंबईच्या फोर्टमधलं आर्मेनियन चर्च १७९६ चं, कोलकात्याचं १७२४ चं, आणि तिथलं आर्मेनियन विद्यालय १८२१ पासून. माणसं मूठभर उरली तरी विश्वस्त निधी उभा आहे.

जॉर्डेनियनांकडे या तोडीच्या संस्था नाहीत, कारण आखातात परदेशीयांना स्वतःची संघटना उभारणं सोपं नाही, आणि मदत कुळातून, नात्यातून, मशीद-चर्चमधून फिरते. ती खरी मदतच असते, फक्त वहीत दिसत नाही.

चौकटराजा

सगळे प्रतिसाद वाचून काढले. मी पाच वर्षांची फाइल उतरवून घेतली आहे. दोन अडचणी. ग्लेंडेल-बरबँककडच्या आर्मेनियन कुटुंबांचं मध्यक उत्पन्न काढून ते न्यूयॉर्क राज्यातल्या योंकर्सकडच्या जॉर्डेनियनांशी ताडलं तर त्याला अर्थ आहे का? आणि जॉर्डेनियन आणि पॅलेस्टिनी एकत्र करावेत का?

मध्यक

पहिली अडचण. नुसतं उत्पन्न ताडू नका, दोन्ही ठिकाणी घरखर्च भयंकर आहे. तीन गोष्टी करा.

एक, उत्पन्नाला कुटुंबातल्या माणसांच्या वर्गमूळाने भागा. चार माणसांत ८०,००० म्हणजे ४०,०००, एकट्याचे ४५,००० त्याहून बरे. जॉर्डेनियन कुटुंबं आकाराने मोठी असतील तर न भागता ती श्रीमंत दिसतील.

दोन, भाडेकरू वेगळे काढा (टीईएन = ३) आणि जीआरपीआयपी हा रकाना बघा. उत्पन्नाचा किती टक्के भाग भाड्यात जातो तो त्यात असतो. ३० च्या वर गेलेली कुटुंबं मोजा, मग ५० च्या वरची. १०१ ही किंमत म्हणजे '१०१ टक्के किंवा अधिक'. तिला खरा आकडा समजून सरासरी काढू नका.

तीन, वय. लॉस एंजेलिसच्या आर्मेनियनांत सोव्हिएत संघातून किंवा इराणमधून उतारवयात आलेले बरेच आहेत. त्यांच्या नावावर अमेरिकेतली नोकरीची वर्षं नाहीत, म्हणून नेहमीची पेन्शनही नाही. ते पूरक सुरक्षा उत्पन्नावर (गरीब वृद्धांना मिळणारी सरकारी मदत) जगतात. रकाना एसएसआयपी. ६५ च्या वरचे कुटुंबप्रमुख वेगळे ठेवलेत की एकाच समाजात दोन टेकड्या दिसतील, आणि मध्यक नेमका त्यांच्या मधल्या दरीत पडू शकतो, जिथे फारसं कुणीच राहत नाही.

दुसरी अडचण. एकत्र करून एक उत्तर, आणि फक्त जॉर्डेनियनांचं (४२१) दुसरं उत्तर, अशी दोन्ही छापा. दोन्हींत मोठी तफावत आली तर तुमचा निष्कर्ष लोक स्वतःला काय म्हणवतात यावर उभा आहे, उत्पन्नावर नाही. ज्यांनी दोन्ही मुळं लिहिली त्यांना दोनदा मोजू नका, एएनसी१पी आणि एएनसी२पी मिळून एकच खूण तयार करा.

योंकर्सपुरतं मात्र थांबा. सार्वजनिक फाइलमधला सर्वांत लहान भौगोलिक भाग किमान एक लाख वस्तीचा असतो. त्यातले जॉर्डेनियन कुटुंबप्रमुख पाच वर्षांतही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघू शकतात. भार न लावता नुसती ओळींची संख्या आधी मोजा. ५० च्या खाली असेल तर योंकर्स सोडा आणि न्यूयॉर्क-न्यू जर्सी एकत्र घ्या.

चौकटराजा

मोजल्या. ५० च्या बऱ्याच खाली आहेत. दोन्ही राज्यं एकत्र घेतो, ६५ च्या वरचे वेगळे काढतो आणि दोन्ही उत्तरं त्रुटीसकट इथेच टाकतो.